गाडीचा 'टर्बो गेला' म्हणजे नक्की काय गेलं?

सध्या आपल्याकडे इंदुरात सेकंड हँड डिझेल गाड्या बऱ्याच फिरताना दिसतात. दिल्लीत १० वर्षांवरच्या डिझेल गाड्या चालवायच्या नाहीत हा एनजीटीचा, म्हणजे राष्ट्रीय हरित लवादाचा, आदेश २०१५ चा, २०२५ च्या जुलैत तर तिकडे जुन्या गाड्यांना पंपावर इंधनच द्यायचं नाही असंही करून बघितलं आणि काही दिवसांत आवरतं घ्यावं लागलं, पण मालक लोकांची धास्ती काही गेली नाही. मग दुसऱ्या राज्यात न्यायची एनओसी काढून त्या गाड्या निघतात, त्यातल्या काही आपल्या मध्य प्रदेशात येतात. इकडे मारुतीने २०२० पासून डिझेल गाड्या बनवणंच बंद केलं, त्यामुळे ज्याला वर्षातून तीन-चारदा पुण्या-नाशिकला जायचं असतं तो म्हणतो जुनी का होईना, डिझेलच घेऊ. घेतो. आणि काही महिन्यांनी गॅरेजमध्ये ऐकतो, "भिया, टर्बो बैठ गया."

या वाक्याने माणूस घाबरतो कारण टर्बो महाग असतो, आणि घाबरलेला माणूस प्रश्न विचारत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की गाडीची ताकद गेली, बूस्ट म्हणजे टर्बोने आत ढकललेल्या हवेचा दाब मिळत नाहीये, हे खरं असू शकतं आणि तरीही टर्बो एकदम ठणठणीत असू शकतो. बऱ्याच वेळा असतोच. बूस्ट कमी होण्याची डझनभर कारणं आहेत, त्यात टर्बो हे एक, आणि ते शेवटी तपासायचं.

टर्बो करतो तरी काय

डिझेल इंजिनात ताकद ठरते ती आत किती डिझेल जाळता येतं यावर, आणि डिझेल किती जाळता येईल हे ठरतं आत हवा किती आहे त्यावर. नुसतं डिझेल जास्त टाकलं तर ते नीट जळत नाही, काळा धूर होऊन बाहेर पडतं. म्हणजे खरा प्रश्न हवेचा.

लोहाराची भट्टी बघितली असेल तर कळेल. कोळसा तोच, पण भाता मारला की जाळ फुलतो. टर्बो म्हणजे इंजिनाचा भाता, फक्त हा भाता मारायला वेगळा माणूस लागत नाही, इंजिनातून बाहेर जाणारा गरम धूरच एक चक्र फिरवतो, त्याच दांड्यावर दुसऱ्या टोकाला अजून एक चक्र असतं ते बाहेरची हवा ओढून दाबून आत ढकलतं. आणि भात्याच्या चामड्याला भोक पडलं तर लोहार भट्टी पाडून नवी बांधत नाही, भोक शोधतो. गाडीच्या बाबतीत मात्र आपण उलटं करतो.

ही कल्पना नवीन नाही, आल्फ्रेड ब्युकी नावाच्या स्विस इंजिनिअरने १९०५ मध्ये तिचं पेटंट घेतलं होतं. इंधनातली साधारण एक तृतीयांश ऊर्जा सायलेन्सरमधून वाया जाते, त्यातली थोडी परत मिळवायची असा हिशोब. छोट्या गाडीतलं हे चक्र मिनिटाला दीड-दोन लाख फेरे मारतं. एवढ्या स्पीडला त्या दांड्याला फक्त ऑइलच्या पातळ थराचा आधार असतो, हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

चार-पाच नावं, एकदाच समजून घेऊ

बूस्ट म्हणजे बाहेरच्या हवेपेक्षा जास्तीचा दाब. दाबलेली हवा तापते म्हणून ती पुढे गाडीच्या तोंडाशी असलेल्या जाळीतून थंड करून आणतात, तो इंटरकूलर. टर्बोपासून इंटरकूलरपर्यंत आणि तिथून इंजिनापर्यंत जाड रबरी होज पाईप असतात, क्लॅम्पने आवळलेले.

दाब हाताबाहेर जाऊ नये म्हणून लगाम लागतो. साध्या टर्बोत तो वेस्टगेट, म्हणजे धुराला चक्र टाळून बाजूने जायचा दरवाजा. जास्त शहाण्या टर्बोत चक्राभोवती हलणारी पाती असतात, ती मिटली की धूर जोरात चक्रावर बसतो आणि कमी रेसलाही बूस्ट मिळतो, उघडली की जोर कमी. हा व्हीजीटी. स्विफ्टमधलं १२४८ सीसीचं ७५ पीएसचं डिझेल इंजिन साध्या टर्बोचं, त्याच इंजिनाचा ९० पीएसचा अवतार व्हीजीटीवाला. तेव्हा तुमच्या गाडीत कुठला आहे हे आधी माहीत करून घ्या, कारण दोघांचे आजार वेगळे.

हा लगाम ओढणारा हात म्हणजे अ‍ॅक्चुएटर. काही गाड्यांत त्याला मोटर असते, पण बऱ्याच जुन्या व्हीजीटी गाड्यांत तो व्हॅक्यूमवर चालतो. व्हॅक्यूम पंप, तिथून बारीक नळी, मध्ये एक विजेवर उघडझाक होणारा व्हॉल्व्ह, तिथून परत बारीक नळी आणि शेवटी अ‍ॅक्चुएटर. बूस्ट किती हवा ते ईसीयू ठरवतो, म्हणजे गाडीचा कॉम्प्युटर, आणि किती मिळाला ते मॅप सेन्सर त्याला कळवतो. आत किती हवा शिरली ते एअर फिल्टरपाशी मोजणारा वेगळा, तो मॅफ सेन्सर. झालं, एवढी नावं पुरतात.

ओंकारेश्वरहून परत येतानाच का कळतं

हा प्रश्न मला बऱ्याच जणांनी विचारलाय. गाडी शहरात ठीक, जाताना ठीक, येताना मेली. अहो, इंदूर पठारावर आहे, साडेपाचशे मीटर उंचीवर, आणि ओंकारेश्वर-बडवाह खाली नर्मदेच्या खोऱ्यात. जाताना भेरूघाट उतरायचा असतो, त्यात गाडीला काही कामच नसतं. येताना तोच घाट पाच माणसं आणि एसी घेऊन चढायचा. मुंबईच्या रस्त्याला मानपूरच्या घाटाचंही तेच.

विजयनगर ते राजवाडा जाताना टर्बो जवळजवळ झोपलेलाच असतो. बूस्ट लागतो तो लोडवर. म्हणून सगळ्यात फालतू टेस्ट म्हणजे गॅरेजच्या दारात गाडी न्यूट्रलमध्ये उभी करून रेस देणं आणि "बराबर तो है" म्हणणं. लोड नसताना डिझेल इंजिन फार बूस्ट बनवतच नाही, त्यामुळे बरा टर्बो आणि आजारी टर्बो तिथे सारखेच दिसतात. टेस्ट चढावर किंवा निदान तिसऱ्या गिअरला पूर्ण एक्सिलेटर देऊनच करायची.

आणि इथे मी "उंचीमुळे होत असेल" हेही ऐकलंय. इंदुरात हवेचा दाब समुद्रकाठापेक्षा पाच-सहा टक्केच कमी असतो, आणि असली कमतरता भरून काढणं हेच टर्बोचं काम. तेवढ्याने गाडी घाटात दुसऱ्या गिअरला रडत नाही.

आधी कान आणि डोळे, पैसे नंतर

स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड आणि आकडे वाचणारं यंत्र, लावण्याआधी बरंच कळतं, फक्त लक्ष द्यावं लागतं.

पहिलं, धूर. काळा धूर आणि ताकद नाही म्हणजे डिझेल येतंय पण हवा कमी पडतेय: होज फाटलाय, क्लॅम्प निसटलाय, नाहीतर ईजीआर, म्हणजे थोडा धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह, उघडा अडकलाय. ताकद नाही आणि धूरही नाही, असं असेल तर ईसीयू स्वतःच डिझेल कमी देतोय, किंवा डिझेलच पोचत नाहीये. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय, तिथे टर्बोवर संशय घ्यायला जागा आहे, पण इंजिनाच्या रिंगा आणि व्हॉल्व्ह सीलही तेच करतात. बीएस६, म्हणजे नव्या प्रदूषण नियमांच्या गाडीत मात्र धुरावर विसंबू नका, तिच्या सायलेन्सरमधला फिल्टर काजळी आधीच गिळून टाकतो.

दुसरं, आवाज. एक्सिलेटर दाबल्यावरच फुस्स असा आवाज येतो आणि सोडला की बंद, तर हवा कुठून तरी निसटतेय. बारीक शिट्टी बऱ्याच टर्बोंना जन्मापासून असते, ती आजार नाही. पण रेसबरोबर अ‍ॅम्ब्युलन्सच्या सायरनसारखा चढत जाणारा, आधी कधी नसलेला आवाज आला तर गाडी पळवू नका.

तिसरं, आणि हे फार कामाचं आहे: ताकद अचानक गेली, गाडी तीन हजार आरपीएमच्या पुढे जायलाच तयार नाही, बाजूला थांबवून चावी बंद केली, जरा वेळाने चालू केली आणि गाडी परत पहिल्यासारखी. याला लिंप मोड म्हणतात, म्हणजे ईसीयूला काहीतरी गडबड दिसली आणि त्याने इंजिन वाचवायला ताकद कापली. फाटलेला पाईप चावी फिरवून शिवला जात नाही, तुटलेला टर्बो तर नाहीच नाही. चावीने आजार पळत असेल तर अडकणारी पाती, चिकटणारा अ‍ॅक्चुएटर, लहरी सेन्सर नाहीतर सैल कनेक्टर, इकडे बघायचं.

मग बोनेट उघडा, इंजिन थंड आणि बंद असताना. एअर फिल्टर काढून उजेडात धरा. आपल्या माळव्यात सोयाबीनच्या काढणीनंतर जी धूळ उडते त्यात फिल्टरची काय अवस्था होते ते शेतावर जाणाऱ्यांना सांगायला नको. होज पाईप हाताने पिळून बघा, खालची बाजू खास, कारण चीर नेहमी तिथे असते जिथे डोळा जात नाही. जोडापाशी ताजी काळी तेलकट काजळी पसरलेली दिसली की समजा हवा तिथूनच निघतेय. आत चिटुकलं फडकं राहू देऊ नका, आणि पाईप उघडा ठेवून इंजिन मुळीच चालू करू नका, त्या तोंडाशी बोट गेलं तर बोट राहणार नाही.

गॅरेजवाल्याकडे स्मोक मशीन असेल तर उत्तम, पाइपात धूर भरतात आणि तो कुठून निघतो ते दिसतं. नसेल तर फिल्टरच्या बाजूने तोंड बंद करून थोडी हवा भरायची, अर्धा-पाऊण बारच्या पुढे नाही, आणि जोडांवर साबणाचं पाणी, पंक्चरवाला करतो तसं. इंटरकूलरच्या खालच्या भागावरही मारा, दगड लागून भोक पडतं तिथे.

आता आकडे मागा

इथे खरं निदान होतं, आणि दुर्दैवाने इथेच बहुतेक ठिकाणी काम आटोपतं घेतात. स्कॅनर लावला, कोड आला, कोड वाचून दाखवला, एस्टिमेट दिलं.

बूस्ट कमी असल्याचा नेहमीचा कोड पी०२९९, जास्त असल्याचा पी०२३४. हे कोड फक्त एवढंच म्हणतात की ईसीयूने जितका दाब मागितला तितका मिळाला नाही, किंवा जास्त मिळाला. का, ते कोडला माहीत नसतं. ताप आहे हे थर्मामीटर सांगतो, मलेरिया की टायफॉइड ते रक्त तपासल्यावर. तर इथे रक्त तपासणं म्हणजे लाइव्ह डेटा.

सगळ्यात सोपी तपासणी इंजिन चालू न करता होते. चावी ऑन, इंजिन बंद, मॅप सेन्सरचा आकडा बघा. इंजिन बंद असताना आत-बाहेर एकच हवा असते, त्यामुळे इंदुरात तो साधारण ९५० मिलिबार यायला हवा, काही स्कॅनर ९५ किलोपास्कल दाखवतात, गोष्ट तीच. तिथे ८०० किंवा ११०० आला तर सेन्सरच खोटं बोलतोय, बहुतेक काजळीने माखलाय, काढून साफ करा आणि परत बघा. दोन मिनिटांचं काम आहे आणि फुकट आहे, तरी कोणी करत नाही, मला याचं नवल वाटतं.

यावरून हेही लक्षात ठेवा की हा आकडा बाहेरचा दाब धरून असतो. एकाने मला फोटो पाठवला, "दादा, हजार बूस्ट येतोय, मग ठीक आहे ना?" हजार म्हणजे नुसती बाहेरची हवा अधिक चिमूटभर. चांगल्या चालणाऱ्या टर्बो डिझेलला पूर्ण लोडवर हा आकडा साधारण दोन हजार ते अडीच हजारच्या मध्ये जातो, गाडीप्रमाणे फरक.

मग गाडी रस्त्यावर. सुपर कॉरिडॉरचा मोकळा तुकडा पहाटे बघा, नाहीतर भेरूघाटाची सुरुवात, आणि आकडे वाचायला शेजारी दुसरा माणूस हवाच, चालवणाऱ्याने स्क्रीन बघायची नाही. तिसरा गिअर, १५०० आरपीएम, पूर्ण एक्सिलेटर, ३००० पर्यंत. स्पीड फार तर ७५ च्या आसपास जाते, त्यामुळे हाणामारी करायची गरज नाही. दोन आकडे रेकॉर्ड करायचे: मागितलेला बूस्ट आणि मिळालेला बूस्ट.

मागितला २२००, मिळतोय १५००, आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत फरक तसाच: हवा गळतेय, किंवा लगाम पूर्ण सुटलेला आहे, म्हणजे व्हीजीटीची पाती उघडीच राहिली किंवा वेस्टगेट मिटत नाही. खालच्या आरपीएमला काहीच नाही, २५०० च्या पुढे मात्र धाडकन येतो: व्हीजीटीमध्ये बहुतेक व्हॅक्यूम पोचत नाहीये, कारण व्हॅक्यूम नसला की अशा बहुतेक गाड्यांत पाती उघडी राहतात आणि जास्त धूर आल्यावरच चक्र जोर धरतं. आधी मागितल्यापेक्षा वर उसळतो आणि लगेच गाडी लिंप मोडला: पाती काजळीने मिटलेल्या स्थितीत अडकतात. शहरातल्या शहरात, कमी रेसला चालवलेल्या गाड्यांचा हा खास रोग. साध्या वेस्टगेटवाल्या टर्बोतही हे होतं, तिथे अ‍ॅक्चुएटर सहसा बूस्टच्याच दाबाने दरवाजा उघडतो, त्याची नळी फाटली तर दरवाजा उघडत नाही आणि बूस्ट कमी व्हायच्या ऐवजी जास्त होतो.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: मागितला २२००, मिळाला २२००, तरी गाडी ओढत नाही. मग टर्बोचा विषय संपला! डिझेल फिल्टर तुंबला असेल, रेल प्रेशर, म्हणजे इंजेक्टरकडे जाणाऱ्या डिझेलचा दाब, पडत असेल, क्लच घसरत असेल म्हणजे आरपीएम वाढतंय पण स्पीड नाही, ब्रेक धरून बसला असेल. कधीकधी मागितलेलाच आकडा कमी असतो, १४०० वगैरे, तेव्हा विचारायचं की ईसीयू इतका कमी का मागतोय. मॅफ सेन्सर घाण झाला असेल तर त्याला वाटतं हवाच कमी आहे, म्हणून तो डिझेलही कमी देतो. गाडी मरगळलेली आणि धूर शून्य, हे ते चित्र.

ब्लूटूथवाले स्वस्त ओबीडी डोंगल मिळतात, म्हणजे गाडीच्या स्कॅनरच्या सॉकेटला लावायचे छोटे डबे, ते मोबाइलला जोडता येतात, बऱ्याच गाड्यांत मॅप आणि मॅफ दाखवतात. मागितलेला बूस्ट सगळ्यात दिसेलच असं नाही, त्यासाठी चांगला स्कॅनर लागतो. पण मिळालेला आकडा दिसला तरी अर्धी बाजी जिंकली.

रामबागेतल्या काकांची नळी

आमच्या ओळखीचे एक काका, रिटायर्ड, रामबागेत राहतात, व्हीजीटीवाली सेडान. एका गॅरेजने पी०२९९ बघून सरळ नवा टर्बो सांगितला होता. काकांनी हो म्हणायच्या आधी मुलाला फोन केला, मुलाने मला, असं ते माझ्यापर्यंत आलं. लाइव्ह डेटात खाली बूस्ट नाही, वर गेल्यावर येतो. म्हणलं आधी व्हॅक्यूम बघू.

यासाठी हाताचा व्हॅक्यूम पंप लागतो, पिचकारीसारखा, वर घड्याळ असतं. अ‍ॅक्चुएटरला थेट जोडून पंप मारला की दांडी गुळगुळीत हलली पाहिजे आणि काटा जिथल्या तिथे टिकला पाहिजे. काकांच्या गाडीत दोन्ही झालं, म्हणजे अ‍ॅक्चुएटर चांगला, पातीही मोकळी. मग एक-एक नळी धरून मागे गेलो. बॅटरीच्या मागे, जिथे नळी क्लिपमधून वळते, तिथे उंदराने कुरतडलेलं. पूर्ण तुटलेली नाही, एका बाजूने अर्धचंद्रासारखी खाल्लेली, वरून बघितलं तर अखंड वाटणार, वाकवल्यावर तोंड उघडायचं. तिथे पंप लावला तर काटा चढायचा आणि हळूहळू खाली. हातभर नळी बदलली, गाडी उठली. काकू म्हणाल्या, "बघा, मी सांगत होते गाडी बाहेर लावू नका, तिथे उंदीर आहेत."

प्रत्येक गाडीत उंदीर निघेल असं नाही, उगाच बॅटरीमागे शोधत बसू नका. पण उन्हाने कडक झालेल्या बारीक नळ्या, ढिले पडलेले टोक, आणि मधला तो व्हॉल्व्ह, यांची किंमत टर्बोसमोर किरकोळ असते आणि बिघडायची शक्यता जास्त. क्रम त्या हिशोबाने लावायचा.

"पण पाइपात ऑइल होतं, मिस्त्रीने दाखवलं ना"

हा हुकमी पत्ता आहे. होज काढतात, आत बोट फिरवतात, काळं तेलकट बोट दाखवतात, आणि ग्राहक गार. इंजिनाच्या पोटातली ऑइलची वाफ मुद्दामच हवेच्या वाटेत सोडलेली असते, ती परत जाळण्यासाठी, त्यामुळे आतून ओलसर थर असणं नॉर्मल आहे. इंटरकूलरमधून ओघळण्याइतकं ऑइल निघालं, किंवा डिपस्टिकवर लेव्हल भराभर उतरतेय, तेव्हा काळजी करा.

दांडा तपासायचा तर असा: थंड इंजिन, पाईप काढून बोटाने चक्र धरून बघायचं. वर-खाली जरासं हलतं, ते चालतं, ऑइल नसताना तेवढी फट असतेच. मागे-पुढे, म्हणजे आत-बाहेर, जाणवण्याइतकं हलायला नको. पाती घराच्या भिंतीला घासल्याच्या खुणा असतील किंवा कडा कुरतडल्यासारख्या झाल्या असतील, तर हो, टर्बो गेला. हे तुमच्या डोळ्यांनी बघा, फोटोवर नको.

"ईजीआर बंद करून टाकू, कटकटच नको"

ईजीआर म्हणजे थोडा धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह, प्रदूषण कमी करायला. तो उघडा अडकला की ताज्या हवेची जागा धूर घेतो, आणि टर्बोला फिरवायचा धूरही कमी पडतो, म्हणून लक्षणं हुबेहूब टर्बोसारखी. साफ करून घ्या, नाहीतर बदला. पत्रा ठोकून बंद करणं ही प्रदूषण यंत्रणेशी छेडछाड आहे, आणि नव्या गाड्यांत ईसीयूला लगेच कळतं, तो वेगळाच कोड टाकून परत ताकद कापतो. मग तुम्ही परत गॅरेजमध्ये.

बीएस६ गाड्यांत अजून एक भागीदार आहे, डीपीएफ, सायलेन्सरमधला काजळीचा फिल्टर. तो सुमारे ६०० डिग्रीला स्वतःची काजळी जाळतो, पण तेवढी उष्णता पलासिया ते भंवरकुआंच्या ट्रॅफिकमध्ये होत नाही. तुंबला की धुराला बाहेर जायला वाट नाही, आणि टर्बोचं चक्र दमतं. डॅशबोर्डवर त्याचा दिवा लागला तर देवासपर्यंत एका लयीत चालवून या, बऱ्याचदा तेवढ्याने काम होतं. दिवा आठवडाभर दुर्लक्षित केला तर होत नाही.

जुनी गाडी घेताना

विकणारा हुशार असेल तर दाखवण्याआधी कोड पुसून ठेवतो. पण बऱ्याच गाड्यांत "कोड पुसल्यापासून किती किलोमीटर" हाही आकडा डोंगलवर दिसतो. १२ किलोमीटर आला तर हसून नमस्कार करा आणि विचारा काल काय पुसलं. ट्रायल कॉलनीत घेऊ नका, राऊच्या पुढे न्या, चार माणसं बसवून.

आणि खरंच गेलाच असेल तर

टर्बो सहसा आपल्या मरणाने मरत नाही, त्याला कोणीतरी मारतं. बहुतेक वेळा ऑइल: उशिरा बदललेलं, चुकीच्या ग्रेडचं, किंवा पोचलंच नाही, कारण त्याला ऑइल नेणारी बारीक नळी आतून जळक्या ऑइलने तुंबलेली. नाहीतर फिल्टर आणि टर्बोच्या मधल्या पाइपाला चीर, तिथून माळव्याची धूळ थेट पात्यांवर, सँडपेपर फिरवल्यासारखी. मारेकरी न पकडता नवा बसवला तर तोही जातो, आणि मग "पार्टच डुप्लिकेट आला" असं ऐकायला मिळतं.

सगळं बदलायची गरजही नेहमी नसते. पाती काजळीने अडकली असतील तर उघडून साफ होतात. दांडा-बेअरिंग गेलं असेल तर फक्त मधला कोअर मिळतो, पण तो बॅलन्स केलेलाच हवा, दोन लाख फेऱ्यांच्या गोष्टीत अंदाजपंचे चालत नाही. आणि बिलात नवा फीड पाईप म्हणजे ऑइल नेणारी ती बारीक नळी, नवे वॉशर, ऑइल, ऑइल फिल्टर, इंटरकूलरची सफाई हे दिसलं पाहिजे. दिसलं नाही तर विचारा.

सील पूर्ण गेलेल्या टर्बोचा एक धोका मात्र सगळ्यांना माहीत हवा. ऑइल थेट इंजिनात ओढलं जातं, इंजिन त्यावरच चालायला लागतं, रेस आपोआप चढत जाते, धुराचे लोट, आणि चावी बंद केली तरी थांबत नाही, कारण चावी फक्त डिझेल बंद करते. मॅन्युअल गाडी असेल तर जोरात ब्रेक दाबून सगळ्यात वरचा गिअर टाका आणि क्लच सोडा, इंजिन दबून बंद पडतं. नाही जमलं तर माणसं उतरवून लांब व्हा, बोनेटमध्ये हात घालू नका.

नवा टर्बो लावल्यावर पहिलं स्टार्ट कसं केलं तेही बघा. आधी त्याच्या ऑइलच्या तोंडात थोडं ऑइल भरायचं, डिझेलचं कनेक्शन काढून स्टार्टर नुसता फिरवायचा म्हणजे ऑइल वर चढतं, मग चालू करून काही मिनिटं आयडलवर सोडायचं, रेस न देता. लावल्या लावल्या भूम भूम करून दाखवणाऱ्याच्या हातात चावी देऊ नका.